घोड्याचा खर्च

दीपनगरच्या वीज केंद्रात फिटर असलेले लोटननाना आमचे शेजारी. एक्क्याण्णव साली त्यांनी बायकोसोबत हिमालयातली एक उंच खिंड चढायचं ठरवलं. गाइड, तंबू, शिधा आणि कमलबाईंना बसायला घोडा, असा खर्च त्यांनी कागदावर मांडला. घोड्याचा आकडा बघून कमलबाई उसळल्या, "घोडा कसाले? माले पाय शेतस ना!" नानांनी घोड्याची ओळ खोडली.

मग कमलबाईंनी सराव सुरू केला. घरकाम आटोपलं की पाठीवर दहा किलो ज्वारी बांधून भर एप्रिलच्या दुपारी त्या तापीपर्यंत चालत जायच्या. खानदेशातल्या बाईला उन्हाचं काय, असं आम्हीच म्हणायचो. नुसते हसायचो, अडवलं एकानेही नाही. एका दुपारी त्या वाटेतच कोसळल्या. ऊन लागलं होतं. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

पुढच्या वर्षी नाना एकटेच गेले. परतल्यावर मी विचारलं, "चढ जमला का, नाना?"

"जमला. घोडाही केला होता."

"मग बसून गेलात?"

"नाही रे. मी लगाम धरून पायीच चाललो. घोडा तिचा होता."