भिंतीवरची तारीख

“तुझी तारीख कदीची गं?”

भरे नावाच्या आमच्या गावात, मी कामाला होते त्या घरच्या काकींनी भर अंगणात मला विचारलं. अंगणात त्यांच्या खोल्यांमधले चार भाडेकरू कंपनीच्या गाडीची वाट बघत उभे होते. नळ दुरुस्त करायला आलेला माणूस होता. काकींचे दीर ओट्यावर पेपर वाचत होते. मी खाली बसून राखेनं समया घासत होते.

मला ऐकू आलं होतं. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

“बहिरी झालीस का? पाळी कदी येनार तुझी? परवा घट बसत्यात.”

एक भाडेकरू हसला. परमुलखातला होता, त्याला मराठी येत नसेल अशी मी मनाची समजूत घातली. पण काकींच्या हातात गोळ्यांची पट्टी होती, आणि ती कुणालाही कळते.

“सात-आठ दिवसांत,” मी समईकडं बघून सांगितलं.

“म्हंजी मधीच. घे हे. आजपास्नं सुरू कर.”

पट्टी माझ्या हातात दिली नाही, पुढ्यात टाकली. ओल्या राखेत पडली. मी उचलली, पदराला पुसली आणि कमरेला खोचली. वर म्हणाले, “व्हय काकी.” हे ‘व्हय काकी’ आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

काकींचं घर म्हणजे जुनं जमीनदार घर. निम्मी जमीन विकली, उरलेल्या जमिनीवर खोल्या बांधल्या. माणसं भाड्यानं ठेवली, पण देवधर्म तसाच कडक ठेवला. घट बसले की नऊ दिवस पाळीतल्या बाईचा वाराही चालत नाही. आणि नऊ दिवसांचा स्वयंपाक, घटावर बांधायच्या कडाकण्या, भांडी, झाडलोट, ह्याला बाई तर लागतेच. मग करायचं काय? बाई ठेवायची आणि तिची पाळी तेवढी काढून टाकायची.

मी धनगराची. आमची वस्ती वर डोंगराच्या कडेला. सासरा आणि नवरा मेंढरं सांभाळतात, मी खाली येऊन काम करायची. सहा वर्षं त्या घरात होते. स्वयंपाकघराच्या दारामागं एक कॅलेंडर होतं. त्यावर आम्हा कामवाल्या बायकांच्या तारखा लिहिलेल्या असायच्या. माझ्या तारखेला लाल गोल. दूधवाला दार ढकलून आत आला की त्याच्या नाकासमोर माझा लाल गोल. सुनांच्या तारखा काकींच्या मोबाइलमध्ये होत्या, आमच्या भिंतीवर.

एकदा मी धीर करून म्हणाले, “काकी, माझं मी ध्यानात ठेवीन की.”

त्या म्हणाल्या, “मेंढरं राखनाऱ्यास्नी कसली आलीया तारीख? म्हनून मीच लिवून ठेवती.”

सगळ्या हसल्या. मीही हसले. अपमान झाल्यावर हसायची मला सवयच लागली होती.

त्या पट्टीत एकवीस गोळ्या पांढऱ्या आणि सात तपकिरी असायच्या. मूल न होण्यासाठीची गोळी ती. काकी सांगायच्या, पांढऱ्या घ्यायच्या, तपकिरी घ्यायच्या नाहीत, पांढऱ्या संपल्या की लगेच दुसरी पट्टी फोडायची. तपकिरी त्या माझ्याकडून परत घ्यायच्या आणि कढीपत्त्याच्या कुंडीत खोचायच्या. त्यात लोह असतं, झाडाला मानवतं म्हणे. त्यांचा कढीपत्ता खरंच हिरवागार होता. माझे ओठ पांढरेफटक पडले होते, त्याचं काय?

गौरी, घट, मार्गशीर्षातले गुरुवार, घराच्या वास्तूची पूजा. प्रत्येक वेळी पट्टी. मध्येच सुरू, काम झालं की मध्येच बंद. एखाद वेळी थोडं लाल दिसलं तर काकी म्हणायच्या, “दोन दोन घे, म्हंजी खात्री.” मी दोन दोन घ्यायची. उलटी यायची. मागच्या मोरीत तोंडात पदर कोंबून उलटी करायची, कारण आवाज आला तर मी कामचुकार ठरणार.

डोकेदुखी मला पहिल्यापासूनच होती. दुखायच्या आधी डोळ्यांपुढं काहीतरी चमचम करायचं, पाण्यावर ऊन पडल्यासारखं. मग अर्धं डोकं फुटायचं. पूर्वी हे कधीतरी व्हायचं, गोळ्या सुरू झाल्यापासून दर आठ-पंधरा दिवसांनी व्हायला लागलं. कुणाला सांगणार? आमच्यात बाईचं डोकं दुखलं तर कुणी काम टाकून बघायला येत नाही.

त्या वर्षी पाचव्या माळेला मी कडाकण्या तळत होते. दिवसाचे अकरा वाजले असतील. डोळ्यांपुढं चमचम सुरू झाली आणि काकींचा अर्धा चेहरा दिसेनासा झाला. खरंच अर्धा. एक डोळा, अर्धं कुंकू, बाकी नुसतं चकाकणं. मी डोळे चोळले. मग डावा हात मुंग्या येऊन बधिर झाला. झारा हातातून सुटला, तेल उडालं. मला “काकी, हात गेला” म्हणायचं होतं, पण जीभ जड झाली होती. नुसताच आवाज निघाला.

काकी धावत आल्या. मला वाटलं, धरतील. त्या दोन हात लांब उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “आली का काय तुझी? घटाला शिवलीस तर न्हाई ना?”

मी मान हलवली.

“मग नाटकं कशाला करतीयास? भाईर जाऊन बस.”

मी बाहेर जाऊन पाण्याच्या मोटारीच्या पाइपापाशी बसले. माझी आई लकव्यानं दोन वर्षं खाटेवर पडून गेली. तिचाही आधी हातच गेला होता. मला तीच दिसत होती, तिचं वाकडं तोंड, त्यातून ओघळणारी पेज. मी लई भ्याले. माझी दोन पोरं वस्तीवर होती आणि मी इथं कुणाच्या तरी देवासाठी मरणार होते.

अर्ध्या तासानं हातात जीव आला. नीट दिसायला लागलं, पण डोक्यात घण पडत होते. आतून हाक आली, “झालं का नाटक?” मी उठले, चपला घातल्या आणि फाटकाबाहेर पडले. रस्त्यावर सहा आसनी रिक्षा मिळाली, तिच्यातून सरकारी दवाखाना गाठला.

तिथल्या सिस्टरनं मला बाकावर बसवलं आणि सगळ्यात आधी पडदा ओढला.

मला रडूच फुटलं. सहा वर्षं माझी पाळी भिंतीवर टांगलेली होती, आणि ही अनोळखी बाई काही विचारायच्या आधी पडदा ओढत होती.

तिनं दंडाला पट्टा बांधून बीपी मोजलं, थोड्या वेळानं परत मोजलं. कपाळाला आठ्या घातल्या. मग विचारत गेली. डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढं चमकतं का? हात बधिर होतो का? पोटरी कधी सुजली, दुखली? छातीत दुखून दम लागला? घरात कुणाला लकवा, रक्ताची गाठ? कावीळ झाली होती का? बिडी ओढतेस का? कसली औषधं चालू आहेत?

मी कमरेची पट्टी काढून दिली.

“ही कुणी दिली?”

“काकींनी.”

“काकी डॉक्टर आहेत का?”

“न्हाई.”

“देताना तुला काही विचारलं? बीपी मोजलं?”

“तारीख इचारली.”

सिस्टर ती पट्टी घेऊन बाहेर गेली. मग डॉक्टरीणबाईंना बोलावून आणलं. त्यांनी मला तपासलं आणि समोर बसून सरळ सांगितलं, “ही गोळी वाईट नाही. पुष्कळ बायकांना चालते. पण डोकेदुखीच्या आधी अशी चमचम होते त्या बाईनं, आणि बीपी वाढलेल्या बाईनं ही घ्यायची नाही. लकवा मारू शकतो. तुझ्यात दोन्ही आहे. आजपासून बंद. तुझ्यासाठी दुसरं साधन बघू.” आणि म्हणाल्या, “दोन दोन घे म्हणून कुणी सांगितलं? ही काय चणे-फुटाण्याची पुडी आहे?”

त्यांनी मला मोठ्या दवाखान्यात पाठवून आणखी तपासण्या करवल्या, बीपीची गोळी सुरू केली. पुढं मी तांबी बसवून घेतली. मला समजावून, मला विचारून बसवली.

त्या दिवशी वस्तीवर पोचले तेव्हा सासरा मेंढरांना जंताचं औषध पाजत होता. एकेक मेंढी गुडघ्यात धरून नवऱ्याला विचारत होता, “ही गाभन हाय का? हिला पिल्लू पितंय का?” गाभण असेल तिला बाजूला काढत होता. तिचं औषध वेगळं.

मी बघत उभी राहिले. माझ्या सासऱ्याला सही करता येत नाही. तो मेंढीला विचारल्याशिवाय औषध पाजत नाही. आणि पदवी घेतलेल्या सुनांच्या घरात मला सहा वर्षं बिनविचारता पाजत होते. मेंढरं राखनाऱ्यास्नी कसली आलीया तारीख! तिथंच माझ्या आत काहीतरी तुटलं. भीती तुटली असावी.

तरीही मी लगेच बंड केलं असं नाही. खोटं कशाला सांगू? दसऱ्यानंतर मी काकींकडं गेले आणि खालमानेनं सांगितलं, “मला ती गोळी सोसत न्हाई. डाक्टरनी बंद केलीया.”

“बरं,” काकी म्हणाल्या. “मग चंपाषष्ठीला तुझ्या धाकल्या जावंला घिऊन ये. सा दिस ती आत करंल, तू भाईरचं कर.”

धाकटी जाऊ बाळंत होऊन चार महिने झालेले. लेक अंगावर पीत होती. पण घरात गरज होती, म्हणून मी तिला घेऊन गेले. ही चूक माझीच.

पुन्हा तेच अंगण. भाडेकरू, दीर, पेपर. काकींनी जावेला न्याहाळलं.

“तुझी सुरू झाली का गं बाळंतपनानंतर?”

“न्हाई अजून,” जाऊ पुटपुटली. मानेपर्यंत लाल झाली होती.

“मग कदी बी येईल. घे ही, आजपास्नं.”

पट्टी हवेतून आली. जावेनं एका हातात लेक धरलेली, दुसऱ्या हातानं पट्टी झेलली. आणि म्हणाली, “व्हय काकी.”

माझेच शब्द, माझाच आवाज. माझं टाळकंच फिरलं.

मी तिच्या हातातली पट्टी काढून घेतली आणि काकींच्या समोर ओट्यावर ठेवली.

“ही अंगावर पाजतीया. सा म्हयनं हिला ही गोळी चालत न्हाई. दूध आटंल. तुमी तिला इचारलं?”

“तू मला शिकवनार व्हय?”

“व्हय. शिकवती. मला लकवा मारला असता. तवा तुमी इचारलं, घटाला शिवलीस का.”

पेपर खाली आला. भाडेकरू बूट बांधायचे थांबले. बरं झालं. आज त्यांनी ऐकावंच असं मला वाटत होतं.

“देवाचं काम हाय,” काकींचा आवाज चढला. “तुमास्नी सोवळंओवळं काय कळनार?”

“कुटला देव? खंडोबाच ना? त्याच्या शेजारी तुमी कुनाला बसवलीया? बानाईला. ती धनगराचीच लेक हाय. तिची पाळी देवानं कदी इचारली न्हाई. तुमी कोन इचारनार?”

मग मी आत गेले. दारामागचं कॅलेंडर काढलं. माझ्या लाल गोलांची पानं एकेक करून फाडली, घडी घालून पोलक्यात ठेवली. उरलेलं परत खिळ्याला अडकवलं. त्यांच्या तिथी त्यांना लागतील.

“पुन्ना पाय ठिवू नगस हितं,” काकी म्हणाल्या.

“न्हाई ठिवत.”

जाऊ मागून रडत येत होती, “अक्का, आता काय करायचं गं?” पुढचे तीन महिने गावात कुणी काम दिलं नाही. काकींनी सगळीकडं सांगून ठेवलं होतं की मी देवाला शिव्या दिल्या. नवरा म्हणाला, “गप बसली असतीस तर?” त्याच्याशी मी चार दिवस बोलले नाही.

लेक सहा महिन्यांची होऊन गेल्यावर जाऊ स्वतःच म्हणाली, “मला इतक्यात दुसरं नगं. मला ती गोळी घ्यायचीया, पर माझ्यासाटी.” मी तिला सिस्टरकडं नेलं. बीपी मोजलं, सगळं विचारलं, तिला चालते म्हणाले. आता ती रोज संध्याकाळी मेंढरं कोंडली की गोळी घेते. तपकिरीसुद्धा. तेव्हा पाळी येते, येऊ दे. एकदा घाबरी होऊन आली, “अक्का, काल ईसरली!” मी म्हणाले, “एकच ना? आत्ताच्या आत्ता घे. आजची आजच्या टायमाला. दोन चुकल्या असत्या तर सात दिस दाल्ल्याला निरोध वापराय लावायचा.” ती तोंडाला पदर लावून हसली. पोटरी सुजली, छातीत दुखलं, डोळ्यांपुढं चमकलं तर त्याच दिवशी दवाखान्यात जायचं, हे मी तिच्याकडून पाठ करून घेतलंय.

मी आता बावधनला एका सोसायटीत कामाला जाते. लिफ्ट आहे, काचेची दारं आहेत. मला वाटलं, इथं तरी हे नसेल. परवा एका मॅडमनी हळूच विचारलं, “मावशी, गुरुवारी पूजा आहे. तुमची डेट कधी असते? नाही, म्हणजे एक टॅबलेट असते...”

मी हातातला पोछा बादलीत ठेवला.

“मॅडम, माझी पाळी गुरुवारीच हाय. मी कामाला येनार. देवघर पुसू का नको, तेवडं सांगा. गोळीचं नाव काढायचं न्हाई.”

मॅडम मला काढून टाकतील, किंवा नाही टाकणार. गुरुवार अजून यायचाय. मी दारावरची बेल वाजवणार आहे.

फाडलेली पानं माझ्या पेटीत आहेत. माझी मुलगी आता अकरा वर्षांची आहे. तिला पाळी आली की ती पानं तिच्या पुढ्यात ठेवणार आणि सांगणार, ह्या तुझ्या आईच्या तारखा, भिंतीवरून उतरवलेल्या. तुझी कुणी भिंतीवर लिहायला आलं, तर त्याच्या हातातला पेन काढून घे.