पाचवा लागेपर्यंत

मेढ्याच्या वरच्या अंगाच्या गावात शालनताई अकरा वर्षं आशासेविका होत्या. दिवस राहिले की तिसरा महिना सरायच्या आत नाव नोंदवा, रक्त आणि रक्तदाब तपासून घ्या, हे त्या दारोदार बजावत. नजर लागते म्हणून दिवस लपवायला लावणाऱ्या सासवांना फैलावर घेत.

त्यांच्या सुनेचा, शिवांजलीचा, गर्भ मात्र दोनदा पडला होता. या खेपेला शालनताईच तिला म्हणाल्या, "पाचवा लागंस्तवर कुणापाशी बोलू नगं." गावच्या सगळ्या सुनांची नावं नोंदली गेली, घरच्या सुनेचं राहिलं.

पाचव्यात शिवांजलीचे पाय सुजले, डोकं ठणकू लागलं. दवाखान्यात रक्तदाब फार चढलेला निघाला. बाळाचे ठोके लागले नाहीत.

"आवं ताई, तुमीच आशा ना? मग इतके दिवस?" नर्सने विचारलं. शालनताईंना रडूही आलं नाही.

आठवड्याने शेजारची राजनंदिनी दबकत आली. "ताई, दोन म्हैनं झाल्यात. सासू म्हणती, एवढ्यात सांगू नगं."

आतून, खाटेवरून, शिवांजली म्हणाली, "जावा की आत्या. तिच्या सासूला माजं सांगा."

शालनताई उठल्या आणि राजनंदिनीच्या मागून चालू लागल्या.