बिब्ब्याचा राजा

युरोपातल्या झाडून सगळ्या राजांना आखाडा बाळापूर दाखवणारी बाई जगात एकच झाली असेल, आणि ती माझी मामी. हे राजे पत्त्यांतले. मामीच्या लोखंडी कपाटात, लुगड्यांच्या घड्यांखाली, जर्मनीचे, इटलीचे, स्पेनचे पत्त्यांचे कॅट दाटीवाटीनं राहत. सुरुवात तिच्या भावानं केली. तो जहाजावर खानसामा होता आणि बहिणीला काय न्यावं हे न सुचल्यामुळं त्यानं एकदा कुठल्याशा बंदरातून एक कॅट आणला. मामीला चटकच लागली. गावातलं कुणाचंही पोरगं विमानात बसायचं ठरलं की ही पापडांचा डबा घेऊन त्याच्या घरी हजर. चॉकलेट नको, अत्तर नको, तिकडचे जुन्या चालीचे पत्ते तेवढे आण. एका बिचाऱ्यानं घाईत विमानतळावरून आपल्याकडं असतो तसलाच कॅट आणला. मामीनं त्याला चहा पाजला आणि कॅट परत दिला. "हा तर बसस्टँडवर भेटतो की रे," म्हणाली.

तिच्या पत्त्यांत इस्पिक-किलवर नव्हते. जर्मन कॅटात ओळखीचा बदाम होता, झाडाचं पान होतं, घुंगरू होतं आणि चौथं एक टोपी घातलेलं फळ होतं. ते ओक नावाच्या झाडाचं, असं मी शहरात शिकून आल्यावर तिला मोठ्या ऐटीत सांगितलं. तिनं पत्ता चष्म्याजवळ नेला आणि हा बिब्बा आहे असा निकाल दिला. आमच्याकडं ओक पाहिलाय कुणी? बिब्बा म्हणजे बिब्बाच. मग घुंगरू म्हणजे दारात भरभराट, पान म्हणजे शुभकार्य, बदाम म्हणजे तब्येत आणि बिब्बा म्हणजे पीडा, असं सगळं शास्त्र तिनं घरच्या घरी रचलं. इटलीच्या कॅटात पेले, मोहरा, काठ्या आणि तलवारी होत्या, त्यांतली तलवार तेवढी वाईट, बाकी सगळं चांगलं. राणी मात्र एकाही कॅटात नव्हती. राजा, घोडेस्वार, शिपाई, सगळे बाप्ये. मामीला हे कधीच पटलं नाही. "एवढी फौज हाय, मंग सैपाक कोण करून राहिलं?" हा प्रश्न पत्ते पिसताना ती दरवेळी विचारायची.

दुपारची जेवणं आटोपली की ओसरीवर माणसं जमत. सेनगावकडचा एक शेतकरी सोयाबीन पेरू की कापूस असं विचारायला आला. त्याचं घुंगरू निघालं. मामीनं त्याला बैलजोडी घ्यायला सांगितलं. तो म्हणाला, ट्रॅक्टर आहे. मामी म्हणाली, मग ट्रॅक्टरला घुंगरं बांध. त्यानं खरोखर बांधली, आणि पुढं तो ट्रॅक्टर कुठल्याही गावात शिरला की गारेगारवाला आला म्हणून लेकरं मागं धावू लागली. शेजारच्या बांगड्या भरणाऱ्या खाला असल्या गोष्टी मानत नसत. "मैं मानती नै, खाली तस्वीरां देखती," असं बजावून त्या रोज सगळ्यांत आधी येऊन बसत आणि सगळ्यांत शेवटी उठत. वाईट पत्ता निघाला तर मामीची तोड ठरलेली होती. पत्ता तिकडचा, म्हणून त्याची पीडाही तिकडंच लागू, ती आपल्या जिल्ह्यात येत नाही. चांगला पत्ता मात्र सगळीकडं चालायचा.

आणि हा चांगला पत्ता ती ज्याचा त्याला देऊन टाकायची. तुझा निघाला, तुझ्यापाशी राहू दे. सासरी निघालेल्या पोरीच्या ओटीत तर नारळाशेजारी पानाचा पत्ता जायचाच. संग्रह करणाऱ्या माणसाला एक पत्ता हरवला तर अन्न गोड लागत नाही, आणि हिच्याकडं एक कॅट पुरा असेल तर शपथ. होता होता घुंगरं, पानं, काठ्या, मोहरा, पेले आणि बदाम नरसीपासून सेनगावपर्यंत लोकांच्या देव्हाऱ्यांत जाऊन बसले आणि मामीकडं उरले बिब्बे आणि तलवारी. त्या उरल्यासुरल्यांचा मिळून एकच कॅट झाला. लहानमोठे पत्ते, पिसताना निम्मे मांडीवर सांडायचे.

मामांचं बाजारात पाण्याच्या मोटारींचं दुकान होतं. त्यांना हा सगळा खुळेपणा वाटे. दुपारी ते आतल्या खोलीत तोंडावर पेपर घेऊन पडत, आणि बाहेर कुणाचं नशीब फारच उघडायला लागलं की पेपराखालून एक तुच्छतेचा हुंकार येई. पुढं त्यांच्या छातीचं दुखणं निघालं. नांदेडला ऑपरेशन ठरलं. वय बघता डॉक्टरांनी फारसा भरवसा दिला नव्हता, आणि हे घरात सगळ्यांना माहीत होतं. निघायच्या सकाळी मी गाडी घेऊन गेलो तर पिशव्या दारात होत्या आणि मामा टोपी घालून ओसरीवर बसले होते. उठायचं सोडून मामीला म्हणाले, "टाक माझे पत्ते."

मामीनं उशीर होत असल्याचं निमित्त केलं, पण ते हलेनात. तिनं पत्ते पिसून चार मांडले. तलवार, बिब्बा, पुन्हा तलवार आणि शेवटी बिब्ब्याचा राजा. दुसरं निघणार तरी काय होतं? आता ही पीडा तिकडची म्हणेल म्हणून मी वाट बघत राहिलो. पण ती नुसती पत्त्यांकडं बघत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मामांनी चष्मा लावला आणि पत्ते आपल्याकडं ओढले. "काहून रडून राहिली? चांगले तर हायत. तलवार म्हंजे डॉक्टरची सुरी. दोन निघाल्या, म्हंजे डॉक्टर तयारीचा हाय. पायात काटा मोडला की बिब्बा लावतेत का न्हाई? चटका बसतो, पर काटा सडत न्हाई. आन् ह्यो राजा म्हंजे मी. बघ, बसलाय की नीट. कुठं जाऊन राहिला का?"

हे तुम्ही कधी शिकलात, असं मामीनं पदरानं डोळे पुसत विचारलं.

"दुपारचा पेपर काय वाचत होतो व्हय मी?" मामा म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.

मामा नांदेडहून परत आले आणि पुढं काही वर्षं चांगले राहिले. गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी झोपेतच गेले. मामी लोकांचे पत्ते अजून टाकते. परवा मी गेलो तेव्हा ओसरीवर दुसरं कुणी नव्हतं आणि ती स्वतःचेच पत्ते मांडून बसली होती. हे मी आजवर कधी बघितलं नव्हतं. मी तिच्याजवळ बसलो आणि येईल तसं वाचायला लागलो, तलवारीचं काहीबाही, बिब्ब्याचं काहीबाही, सगळं चांगलं तेवढंच. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि पत्ते गोळा केले.

"झ्याक वाचलं रे लेकरा," ती म्हणाली. "पर त्यांचं खरं वाटायचं."