बापूसाहेबांचे वजनार्थ प्रवासी

वडगाव रासाईचे बापूसाहेब आयुष्यात सहा निवडणुका हरले. सोसायटीची हरले, डेअरीची हरले, ग्रामपंचायतीची दोनदा हरले, कारखान्याची तर डिपॉझिटसकट हरले. सहावी शाळेच्या पालक समितीची. तिथं उभे ते एकटेच होते, पण पालकांनी निवडणूकच पुढं ढकलली, ती अजून पुढंच आहे.

माणूस वाईट नव्हता. चार एकर ऊस होता, दोन म्हशी होत्या, कुणाशी भांडण नव्हतं. फक्त सभेचा नाद भारी. घरात झुंबरबाईंनी "आज भाजी काय करू?" असं नुसतं विचारलं, तरी बापूसाहेब सावरून बसत आणि म्हणत, "विषय आला हाय. आता चर्चा हून जाऊ द्या." झुंबरबाई चर्चा होऊ देत नसत. वांगी करत.

अशा माणसाला वयाच्या बासष्टाव्या वर्षी एकदम अध्यक्षपद मिळालं, ते एका पुलामुळं. भीमेवर शिरूर आणि दौंड तालुक्यांना जोडणारा एक अरुंद पूल होता. खड्डा पडला की शिरूरवाले म्हणत तो दौंडच्या हद्दीत आहे, दौंडवाले म्हणत तो शिरूरच्या. या कटकटीला कंटाळून वरून एक नवीन मंडळ काढण्यात आलं, 'भीमाकाठ पूल व वाहतूक प्राधिकरण'. एक पूल, एक भाड्याची मिनीबस, नऊ सदस्य, एक सचिव आणि एक अध्यक्ष. अध्यक्ष शिरूरचा बडा माणूस केला तर दौंडचे रुसणार, दौंडचा केला तर शिरूरचे. ज्याच्यामुळं कुणाचंच काही बिघडणार नाही असा माणूस हवा होता. दोन्ही तालुक्यांनी एका आवाजात बापूसाहेबांचं नाव घेतलं. बापूसाहेबांना हा सन्मान वाटला. दोन दिवस ते घरातसुद्धा फेटा बांधून होते.

तळेगाव ढमढेऱ्यात खताच्या दुकानावर दोन खोल्यांत कचेरी थाटली. सचिव म्हणून आल्या राहेलबाई. मूळच्या दौंडच्या, वडील रेल्वेत गार्ड. घड्याळ आणि कागद या दोन गोष्टींवर त्यांची फार श्रद्धा. बापूसाहेबांना शिंक आली तरी त्या विचारत, "हे इतिवृत्तात घ्यायचं का?"

पहिल्या सभेला नऊच्या नऊ सदस्य आले, कारण हार-नारळ होते. त्या भरात एक ठराव झाला. उसाच्या आणि वाळूच्या गाड्यांनी पूल खिळखिळा होत होता, म्हणून पुलाच्या दोन्ही तोंडांना नऊ फुटांवर लोखंडी कमानी बसवायच्या. उंच गाडी आत शिरायलाच नको. टाळ्या झाल्या, कमानी बसल्या.

मग पुलावर नवीन डांबर पडलं, चांगलं चार इंच जाड. कमानी जागच्या जागी राहिल्या आणि रस्ता वर आला, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. ते ध्यानात आलं बसच्या उद्घाटनाच्या दिवशी. बापूसाहेबांनी फीत कापली, ताशा वाजला, ड्रायव्हर सम्राटनं गियर टाकला. बस ऐटीत निघाली आणि कमानीखाली गेल्यावर असा आवाज आला, की ताशेवाल्यांनी आपोआप हात थांबवले.

सम्राट आधी सणसवाडीच्या एका कंपनीत कामगारांची बस चालवायचा. शांत डोक्याचा. तो उतरला, टेप लावून आला. "बापूसाहेब, बस आठ फूट धा इंच हाय. कमान आता आठ फूट आठ इंच राहिलीय."

"म्हंजी?"

"म्हंजी दोन इंच जास्त हाय."

"कमान?"

"न्हाई, बस."

कमान उचलायची तर सभेचा ठराव हवा. सभेला सहा सदस्यांची गणपूर्ती हवी. आणि इथं सगळं अडलं. सभा शिरूरच्या बाजूला ठेवली तर दौंडचे चार सदस्य येईनात, "आम्ही का म्हणून जायचं?" म्हणून. दौंडला ठेवली तर शिरूरचे पाच येईनात. चार सभा झाल्या. चारही वेळा राहेलबाईंनी अर्धा तास वाट बघून लिहिलं, 'गणपूर्तीअभावी सभा तहकूब.' बापूसाहेब प्रत्येक वेळी रिकाम्या खुर्च्यांपुढं दहा मिनिटं बोललेच.

वाट सापडली ती सम्राटला. तळेगावच्या बाजाराच्या दिवशी बस खचाखच भरली. सम्राट नेहमीसारखा कमानीपाशी थांबून लोकांना उतरवणार, तोच त्याला दिसलं की माणसांच्या वजनानं बसचे स्प्रिंगचे पाटे तीन इंच दबलेत. त्यानं हळूच गाडी पुढं घेतली. टपाला वारासुद्धा लागला नाही. बस कमानीखालून लोण्यासारखी निघाली.

म्हणजे भरलेली बस जात होती. रिकामी अडत होती. आणि दुपारच्या फेऱ्यांना तर बसमध्ये चिटपाखरू नसायचं.

"पोती ठिवू कांद्याची," बापूसाहेब म्हणाले.

"करारात माल वाहतुकीला मनाई आहे," राहेलबाई म्हणाल्या. "फक्त माणसं."

"मग माणसं ठिवू."

अध्यक्षांना तातडीच्या नेमणुकांपुरता एक अधिकार होता. तो वापरून बापूसाहेबांनी चौदा जणांची नेमणूक केली. 'कायम प्रवासी' असं नाव त्यांनी सुचवलं होतं. राहेलबाईंनी ते खोडून शुद्ध केलं, 'वजनार्थ प्रवासी'. काम एवढंच, की फुकट पासावर बसमध्ये बसायचं, पलीकडं जायचं, परत यायचं. चौदा जणांचं मिळून नऊशे किलो भरलं पाहिजे, एवढी एकच अट.

निवड उसाच्या वजनकाट्यावर झाली. गावातली सगळी निवृत्त मंडळी लोटली. एका आजोबांच्या धोतरातून अडीच किलोचं माप खाली पडलं आणि ते बाद झाले. दुसरे एक जण काट्यावर उभे राहण्याआधी तांब्याभर पाणी प्याले, त्यावर आक्षेप आला. राहेलबाईंनी निर्णय दिला, "पाणी ग्राह्य." कुशाबाई मात्र ताठ मानेनं काट्यावर चढल्या आणि एकाहत्तर किलो भरून, सगळ्यांकडं बघत उतरल्या. तिथंच त्या चौदा जणांच्या पुढारी झाल्या.

पुढचे तीन महिने बापूसाहेबांचे सोन्याचे गेले. बस वेळेवर धावली. नदीपलीकडच्या बायका दवाखान्याला येऊ लागल्या, पोरी कॉलेजला जाऊ लागल्या. वजनार्थ प्रवासी पहिल्या फेरीला न्याहारी करून बसत. कुणी वाती वळे, कुणी लसूण सोले, कुणी सरळ घोरे. कमान जवळ आली की सम्राट ओरडे, "नीट टेकून बसा!" आणि चौदाच्या चौदा जण अंग सैल सोडून जड होत. अंग सैल सोडल्यानं वजन वाढतं का, यावर बापूसाहेबांचा आणि राहेलबाईंचा एकदा वाद झाला. तो इतिवृत्तात आहे.

पण माणूस म्हटला की त्याला चारच्या सुमाराला चहा लागतो. कुशाबाईंनी मागणी केली. "अध्यक्ष, आमी दिसभर प्राधिकरणासाठी वजन देतोय. एक कप चहा न्हाई?"

बापूसाहेब म्हणाले, "मागणी रास्त हाय. पुढच्या सभेत विषय घेतो."

"सभा कवा हाय?"

"गणपूर्ती झाली की."

कुशाबाईंनी महिनाभर वाट पाहिली. मग एक दिवस पुण्याहून तपासणीला अनुपमा मॅडम आल्या. चष्मा, फाइल, कमी बोलणं. त्यांची गाडी पुढं जाऊन पुलाच्या दौंडच्या टोकाला थांबली होती. त्यांना बसमधून पूल दाखवत पलीकडं न्यायचं, असा बेत होता. बापूसाहेबांनी सकाळीच दोनदा भाषणाची तालीम केली होती.

चौदा जण, मॅडम, बापूसाहेब आणि राहेलबाई यांना घेऊन बस शिरूरच्या कमानीखालून झोकात निघाली. पुलाच्या मध्यावर आल्यावर कुशाबाई म्हणाल्या, "सम्राट, गाडी थांबव रं. जीव घाबरतोय."

सम्राटनं थांबवली. कुशाबाई उतरल्या. त्यांच्यामागून तेरा जण उतरले, ओळीनं, आपापल्या पिशव्या घेऊन. आणि सगळे शिरूरच्या दिशेनं चालू लागले.

बस फुस्स करून तीन इंच वर आली.

बापूसाहेबांना काय झालं ते कळायला क्षणभर लागलं. पुढं दौंडची कमान, मागं शिरूरची कमान, आणि मधे त्यांची उंच झालेली बस. ना पुढं जाता येत होतं, ना मागं.

"कुशाबाई! अवो, असं काय करताय?"

कुशाबाईंनी वळूनही पाहिलं नाही. "चहा!" एवढंच म्हणाल्या.

थोड्या वेळात दोन्ही तोंडांना जीपा, मोटारसायकली, बघे जमले. बापूसाहेबांनी हात जोडून लोकांना बसमध्ये बसायची विनंती केली. काही जण निघालेही. पण कुशाबाई कमानीखाली ठाण मांडून बसल्या होत्या. "जो चढंल त्याला माझ्या बोअरचं पाणी बंद!" अर्धी वस्ती त्यांच्याच बोअरचं पाणी पीत होती. निघालेले लोक चपला शोधायच्या निमित्तानं मागं सरले. दौंडच्या बाजूचे तर "आधी शिरूरचे चढू द्या" म्हणून हललेच नाहीत.

अनुपमा मॅडमना खरं तर दोनशे पावलं चालून आपल्या गाडीत बसता आलं असतं. पण त्यांनी फाइल मिटली, खिडकी उघडली आणि म्हणाल्या, "नाही, मी थांबते. तुम्ही ही बस बाहेर कशी काढता ते मला बघायचंच आहे."

बापूसाहेब चार-चारदा रिकाम्या खुर्च्यांपुढं बोलले होते, त्यांना कधी लाज वाटली नव्हती. आज पहिल्यांदा वाटली. ते मागच्या सीटवर जाऊन बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. "राहेलबाई," ते हळू आवाजात म्हणाले, "माझंच चुकलं बगा. चहाला कुठं सभा लागती? घरून किटली आणली असती तरी भागलं असतं. हे मात्र लिवून घ्या."

राहेलबाईंनी पेन उघडलं, पण लिहिलं नाही. त्या खिडकीतून खाली नदीकडं बघत होत्या. दोन्ही तालुक्यांची हद्द नदीच्या मधोमध होती.

"बापूसाहेब," त्या म्हणाल्या, "ही जागा शिरूरची की दौंडची?"

"ही? बरोबर मधली. कुणाचीच न्हाई."

"मग इथं सभा ठेवली तर कुणी कुणाकडं गेलं असं होत नाही."

बापूसाहेब उठून उभे राहिले. टोपी खाली पडली, ती त्यांनी उचललीसुद्धा नाही. नऊ सदस्य! त्यातला एकही शंभर किलोच्या आत नव्हता. कारखान्याचे, सोसायटीचे, बँकेचे, सगळे खातेपिते आणि भारदस्त. आणि कुशाबाईंच्या बोअरचं पाणी त्यातलं कुणीच पीत नव्हतं.

राहेलबाईंनी फोन लावायला घेतले. बापूसाहेबांनी बायकोला लावला. झुंबरबाई त्या दिवशी नदीपलीकडं बहिणीकडं गेल्या होत्या. "अगं, धा-बारा माणसांचं मटण करशील का?"

"आत्ता? कशाला?"

"विषय आला हाय..."

"चर्चा नको. किती किलो आणू तेवढं सांगा."

सभेच्या सूचनेत राहेलबाईंनी दोनच ओळी घातल्या. 'स्थळ: पुलाचा मध्य, बसमध्ये. भोजन: दौंडच्या काठाला.' तासाभरात शिरूरचे पाच एका बाजूनं आणि दौंडचे चार दुसऱ्या बाजूनं चालत आले. घामाघूम होऊन एकेक जण पायरीवर पाय ठेवी आणि बस एकेका दमानं खाली बसे. सम्राट बाहेर टेप लावून उभा होता. सहावे सदस्य चढले तेव्हा राहेलबाई म्हणाल्या, "गणपूर्ती झाली." नववे चढले तेव्हा सम्राट ओरडला, "उंची बी झाली!"

सभा अकरा मिनिटं चालली. दोन्ही कमानी एक फूट वर घ्याव्यात, एकमतानं मंजूर. वजनार्थ प्रवाशांना चहा, एकमतानं मंजूर. अध्यक्षांचं भाषण हा विषय बापूसाहेबांनी स्वतःच मागं घेतला, कारण मटणाचा वास नदीवरून येऊ लागला होता आणि सदस्यांचं लक्ष उडालं होतं. अनुपमा मॅडमनी तिथल्या तिथं कागदावर शिफारस लिहिली. "मी दहा वर्षं तपासण्या करते," त्या म्हणाल्या, "पण सदस्यांचा असा प्रत्यक्ष उपयोग झालेला आज पहिल्यांदा पाहिला."

सम्राटनं गियर टाकला. दौंडची कमान डोक्यावरून गेली, टप आणि लोखंड यांच्यात बोटभर फट ठेवून. दोन्ही काठांवर शिट्ट्या वाजल्या. कुशाबाईंनीही वाजवली, असं काही जण सांगतात.

महिनाभरात कमानी वर गेल्या. आता रिकामी बसही सहज जाऊ लागली आणि वजनार्थ प्रवाशांची गरज संपली. बापूसाहेब स्वतः किटली घेऊन त्यांच्याकडं गेले. आता गरज उरली नाही, हे त्यांनी चहा ओतता ओतता सांगितलं. कुशाबाईंनी चहा घेतला, बशीत ओतून संपवला आणि म्हणाल्या, "गरज न्हाई म्हणून काय झालं? आमाला सवय झालीया. फक्त पास तेवढा चालू ठिवा." बापूसाहेबांनी पास चालू ठेवले. विषय सभेत नेला नाही.

अजूनही ती मंडळी दुपारच्या फेरीला बसतात. कमान आता टपापासून चांगली दहा इंच वर आहे. तरी ती जवळ आली की सम्राटच्या तोंडून निघतंच, "नीट टेकून बसा!" आणि चौदा म्हातारे, शेजारी बसलेल्या कॉलेजच्या पोरी आणि मागच्या सीटवरचे अध्यक्ष, सगळे एकदम अंग सैल सोडून जड होतात.