चिमाजीच्या इंजिनातलं तेल

दुसऱ्याच्या गाड्या चालवत होता तोवर चिमाजी खैरनारला इंजिनाचा आवाज कधी ऐकू आला नाही. म्हणजे आवाज व्हायचा, पण तो शेठचा असायचा. काही खडखडलं की शेठला फोन करायचा, शेठ मिस्त्री पाठवायचा, आणि मिस्त्री येईपर्यंत चिमाजी ट्रकखाली झोळी बांधून घोरत पडायचा. ड्रायव्हरने स्टेअरिंग धरावं, पाना धरू नये, असा त्या शेठचा नियम होता आणि तो चिमाजीला सोयीचाही होता. चांदवडकडच्या गावातून क्लीनर म्हणून निघालेला हा माणूस गुवाहाटीपर्यंत जाऊन आला, पण इंजिनात काय चालतं याकडे त्याने शेजारच्या घरातल्या भांडणाइतकंच लक्ष दिलं.

यंदा दिवाळीनंतर त्याने मालेगावात एक जुना सहाचाकी ट्रक विकत घेतला आणि त्याची झोप उडाली. सिग्नलला थांबला की तो गाणी बंद करून कान द्यायचा. पंचवटीतल्या घरी जेवायला बसला की अर्ध्या भाकरीवर उठून, ट्रकखाली थेंब पडलाय का ते बघून यायचा. इंजिनातलं तेल किती आहे ते दाखवणारी लोखंडी पट्टी तो सकाळ-संध्याकाळ काढायचा, पुसायचा, घालायचा, पुन्हा काढायचा.

"सासूबाईंना शुगर होती, तर त्यांचं रक्त वर्षातून एकदा तपासलंत," बायको शैला म्हणाली. "हिचं रोज दोनदा."

"तिचं इंजिन बसलं असतं तरी नवीन घ्यायचा खर्च नव्हता," चिमाजी म्हणाला, आणि पुन्हा बाहेर गेला.

विकणाऱ्याने तेल नुकतंच बदललंय असं सांगितलं होतं. मालेगावच्या शाहनवाज मिस्त्रीने त्यातला एक थेंब बोटांवर चोळून बघितला. "हे तेल नाही, चाय आहे. सोमवारी गाडी आणा, मी बदलतो," म्हणाला. चिमाजी सोमवारची वाट बघायला तयार होता, पण शनिवारी सकाळी सटाण्याच्या धवलशेठचा फोन आला. धवलशेठ कांद्याचा व्यापारी. कानपूरची गाडी भरायची होती. मध्ये कुणी दलाल नाही, थेट मालकाशी बोलणं; चिमाजीच्या आयुष्यातलं असं हे पहिलंच भाडं.

"उद्या नऊला खळ्यावर गाडी पाहिजे," धवलशेठ म्हणाला. "नाही आली तर दुसरी लावीन. मग मला फोन नको करू."

त्या चहावर कानपूर गाठायचं चिमाजीला धाडस होईना. शाहनवाज भाचीच्या लग्नाला धुळ्याला गेलेला. दुसऱ्या मिस्त्रीवर भरवसा नाही. दुपारी चिमाजीने द्वारका चौकातल्या दुकानातून तेलाची बादली, एक सुटा डबा आणि नवा फिल्टर घेतला आणि आडगावच्या ट्रक टर्मिनलवर जाऊन स्वतःच गाडीखाली शिरला.

सुरुवात चांगली झाली. इंजिन गरम करून घेतलं, खालच्या चेंबरचा नट सोडला. काळं, कढत तेल मनगटावरून कोपरापर्यंत आलं. त्याने शिवी घातली, पण नट हातातून सोडला नाही. जुना फिल्टर काढला, नवा बसवला, नट आवळला. मग वरून तेल ओतलं, इंजिन चालू केलं, बंद केलं आणि लगेच पट्टी काढली. तेल खालच्या खुणेला जेमतेम शिवत होतं.

त्याने आणखी ओतलं. चालू केलं, बंद केलं, पट्टी काढली. पुन्हा कमीच. पुन्हा ओतलं.

शेजारच्या ट्रकखाली झोळीत पडलेला दत्तू ड्रायव्हर मघापासून बघत होता. "मालक, गाडीला तेल पाजताय का आंघोळ घालताय?"

"पट्टीला लागतच नाय, दत्तू."

"मंग बादलीवर लिहिलंय तेवढं टाका आन् गप झोपा."

"बादली छापणाऱ्याला काय ठाऊक माझ्या इंजिनात किती मावतं!"

तेल कमी पडून जाम झालेली इंजिनं चिमाजीने रस्त्याकडेला पाहिली होती. तेल जास्त झालं म्हणून कुणाचं काही बिघडल्याचं त्याच्या ऐकण्यात नव्हतं. बादली संपली, तेव्हा त्याने सुटा डबा फोडला. पट्टी वरच्या खुणेला पोचली तेव्हा कुठे त्याने हात पुसले.

रविवारी उजाडता उजाडता, उशीर नको म्हणून पट्टी न बघताच तो निघाला. पिंपळगाव मागे पडलं आणि चांदवडच्या अलीकडे चढाला आरशात निळा धूर दिसायला लागला. एक मोटारसायकलवाला शेजारी येऊन हात हलवून मागे दाखवून गेला. गाडी जड ओढत होती. चिमाजीने ती कडेला घेतली, उडी मारून उतरला आणि पट्टी काढली. तेलावर फेस होता, पण खूण बरोबर दिसत होती. बरोबर, तर मग धूर कसला? कमी तर पडत नसेल? त्याने उरलेल्या तेलाचा डबा काढला, झाकण फिरवलं आणि मग, काय वाटलं कोण जाणे, आधी शाहनवाजला फोन लावला.

"उस्ताद, गाडी निळा धूर मारतेय. पट्टी बरोबर हाय. अजून ओतू का?"

"डबा हातात आहे?"

"हाय."

"खाली ठेव. पहिले खाली ठेव." मागे लग्नघरातली भांडी वाजत होती. "काल किती टाकलं?"

"आख्खी बादली. वर डब्यातलं थोडं."

"चिमाजीभाई, ती गाडी आहे. नवी दुल्हन नाही, सारखा घुंघट उचलून बघायला. इंजिन चालतं तेव्हा तेल वर चढतं. बंद केलं की उतरायला वेळ लागतो. तुम्ही लगेच पट्टी काढता, ती कमी दाखवते, तुम्ही ओतता. आता अर्धा घंटा बसा. हात लावायचा नाही. मग बघा, आणि वरच्या खुणेच्या वर असेल ते सगळं काढून टाका."

"अर्धा तास? मला नवाला सटाण्यात..."

"अर्धा घंटा बसा, नाहीतर महिनाभर माझ्या गॅरेजमध्ये येऊन बसा."

चिमाजी दगडावर बसला. उठला. पुलापर्यंत जाऊन आला. रिकामे ट्रक एकामागून एक वर चढत होते आणि त्यातला प्रत्येक धवलशेठच्या खळ्यावरच चाललाय असं त्याला वाटत होतं. दोनदा तो केबिनपर्यंत गेला आणि दोनदा हात खिशात घालून परतला. शेवटी त्याने धवलशेठला फोन केला. पंक्चर झालंय, म्हणाला. धंद्यात उशिराचं कारण पंक्चरच असतं.

"पंक्चर काढ," धवलशेठ म्हणाला. "मी दुसरी गाडी बघतो."

अर्ध्या तासाने पट्टी काढली तर तेल वरच्या खुणेच्या बोटभर वर चढलेलं होतं. तो गाडीखाली शिरला, नट जपून सैल केला आणि जादा तेल रिकाम्या बादलीत सोडलं. थोडं सोडायचं, नट आवळायचा, थांबायचं, बघायचं. हे थांबणं त्याला त्या कढत तेलापेक्षा जड गेलं. गाडी चालू केली तेव्हा धूर आधी वाढला, मग विरळ झाला, आणि देवळ्याच्या पुढे दिसेनासा झाला.

खळ्यावर त्याच्या जागी दुसरा ट्रक उभा होता आणि हमाल त्यात गोण्या चढवत होते.

"तुझा माल हा चालला," धवलशेठ खुर्चीतून न उठता म्हणाला. "कानपूरचीच अजून एक गाडी निघेल, पण माल निवडायचाय. बाया आत्ता बसल्यात. थांबणार असशील तर थांब."

"किती वेळ?"

"कांदा निवडून होईल तेवढा."

चिमाजी थांबला. बाया बारीक कांदा एकीकडे, मोठा एकीकडे टाकत होत्या. दुपारपर्यंत तो त्यांच्याभोवती असा घिरट्या घालत राहिला की त्यातली एक म्हणाली, "दादा, खाली बसा नाहीतर कामाला लागा. सावली हलती नुसती." तो कामाला लागला. ऊन कलता कलता गाडी भरली.

मालेगावात शाहनवाज लग्नावरून परतला होता, अंगात अजून नवा शर्ट. शर्ट काढून ठेवून तो गाडीखाली गेला आणि बऱ्याच वेळाने बाहेर आला.

"इंजिन ठीक आहे. मागचं सील पाझरतंय. जादा तेलाने दाब बसला. कानपूरहून आले की बदलू."

"कानपूरपर्यंत जाईल ना?"

"जाईल."

"नक्की?"

"मी मिस्त्री आहे, चिमाजीभाई. पीर नाही."

दिवस मावळायला चिमाजी धुळ्याच्या रस्त्याला लागला. झोडग्याच्या पुढे एका हॉटेलच्या आवारात त्याने गाडी सपाट जागा बघून उभी केली, इंजिन बंद केलं आणि चहा मागवला. तो संपल्यावर दुसरा मागवला. दुसरा सावकाश प्यायला, पैसे दिले, मग जाऊन पट्टी काढली. तेल दोन खुणांच्या मधोमध होतं. त्याने पट्टी पुसली, आत घातली आणि पुन्हा एकदा काढून बघितली.