दुसरं पान

बेंबळीत आमच्या गल्लीत इंग्रजी कागद आला की तो सरळ आमच्या घरी यायचा. मी दहावीत असल्यापासूनची ही रीत. फवारणीच्या बाटलीचा कागद, बँकेचं पत्र, कुणाच्या भरतीचं बोलावणं, आणि सगळ्यात जास्त दवाखान्याचे रिपोर्ट. माणसं डॉक्टरपुढं मान डोलवून यायची आणि मग पिशवीतला कागद माझ्यापुढं धरायची. "माय, आता तू सांग, खरं काय लिवलंय." डॉक्टर परका, मी घरची. मला त्यातलं काय डोंबल कळत होतं? डिक्शनरी घेऊन बसायची आणि द्यायची ठोकून. पण मान लई मिळायचा. आई दारात उभी राहून ऐकायची, आणि कागदवाली बाई गेली की म्हणायची, "माझ्या लेकीला समदं वाचता येतंय." मी फुगून बसायची. पुढं तेच इंग्रजी पोटापाण्याचं झालं, मी व्हिएतनामला शाळेत शिकवायला गेले, तरी गल्लीतले कागद थांबले नाहीत. धाकट्या भावाच्या हातून फोनवर फोटो होऊन यायला लागले.

आईचा कागदही तसाच आला. तो आठवडा मी आजही वारासकट सांगू शकते.

सोमवारी शाळेत कळलं की शुक्रवारी तपासणीला माणसं येणार. परदेशातल्या मास्तरणीची नोकरी म्हणजे दरवेळी नव्यानं लग्नाला उभं राहिल्यासारखं. येईल तो पारखून बघणार. त्यांच्यापुढं एक धडा शिकवून दाखवायचा, नाहीतर पुढच्या वर्षी घरी बसायचं. मंगळवारी सोबतची बाई तापानं पडली, तिचे वर्ग माझ्या गळ्यात. बुधवारी तोंडी परीक्षा. सत्तर पोरं एकेक करून समोर येणार आणि आपल्या आवडत्या जनावराबद्दल इंग्रजीत चार वाक्यं बोलणार. कुत्रा, मांजर, कुत्रा, मांजर. एखादं पोरगं म्हैस म्हणालं असतं तर मी त्याला मिठी मारली असती. तिथं शिक्षक तोंडापाशी माइक लावून शिकवतात, तरी माझा घसा बसला होता.

इकडं आईच्या छातीत गाठ लागली होती. भावाला सांगायची तिला लाज; मला फोनवर सांगितलं, तेही हळूच, चुलीपाशी तोंड करून. मीच भावाला म्हणाले, धाराशिवला ने, सोनोग्राफी कर. डॉक्टरनं सांगितलं, रिपोर्ट घेऊन सोमवारी या. तो रिपोर्ट बुधवारी हातात पडला आणि भावानं दवाखान्याच्या जिन्यातच उभं राहून दोन फोटो काढून पाठवले. खाली लिहिलं होतं, "अक्का, आईचं हाय, वाचून सांग."

माझ्यासमोर दोन वेण्यांची एक पोरगी बसली होती आणि तिला मांजर आठवत नव्हतं. मी बाकाखाली फोन धरून पहिला फोटो उघडला. उजवी बाजू. पाण्यानं भरलेल्या साध्या गाठी, काळजीचं कारण नाही. दुसऱ्या फोटोवर ते गोल चक्र फिरत होतं, उघडत नव्हता. पोरगी माझ्याकडं बघत होती, दाराबाहेर रांग उभी होती. मी तिथंच फोन तोंडापाशी नेऊन बोलून पाठवलं, "काही नाही रे. पाण्याच्या साध्या गाठी आहेत. आईला म्हणावं घाबरू नको." उचलली जीभ, लावली टाळ्याला. दुसरं पान संध्याकाळी बघू, असं मनाशीच म्हणाले.

संध्याकाळी पालकांची सभा होती. गुरुवारी अख्खा दिवस भिंतीवर कागदी फुलं चिकटवण्यात गेला. शुक्रवारी तपासणीची माणसं मागच्या बाकावर बसली, आणि धडा संपल्यावर त्यांनी टाळ्या वाजवल्या. होय, वाजवल्या. मला किती बरं वाटलं होतं हे आठवलं की आज स्वतःचीच शिसारी येते. शनिवारी मी मेल्यासारखी झोपले.

रविवारी घरी फोन केला. आईचा आवाज खणखणीत. "तुझं बोलणं त्यानं ऐकवलं आन् लई हलकं वाटलं बघ." मी म्हणाले, उद्या डॉक्टरकडं जायचंय ना? "आता कशाला? सोयाबीन काढायला आलंय, बायका सांगून ठेवल्यात. तू वाचलास न्हवं कागद?"

"वाचला," मी म्हणाले.

खोटं बोलायचं म्हणून बोलले नाही. मला खरंच वाटत होतं मी तो वाचलाय. दुसरा फोटो तोवर शुभ सकाळच्या फुलांखाली आणि भाच्याच्या वाढदिवसाखाली पार गाडला गेला होता.

संक्रांतीनंतर आईचा डावा हात सुजला. भावानं कळवलं आणि मी रजा टाकून आले. सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरनं आईला पडद्यामागं तपासलं, मग बाहेर येऊन आमच्यापुढं बसला आणि जुने कागद मागितले. भावानं पिशवीतून ते काढले, आणि त्या येड्यानं मोठ्या अभिमानानं सांगितलं, "ही माझी बहीण, साहेब. फॉरेनला इंग्लिश शिकवती."

डॉक्टरनं पान उलटलं आणि कागद माझ्याकडं फिरवला. डावी बाजू. वेडीवाकडी गाठ, संशयास्पद, ताबडतोब तुकडा काढून तपासावा. इंग्रजी इतकं सोपं होतं की माझ्या सत्तर पोरांतल्या निम्म्यांनी ते वाचलं असतं.

"हे चार महिन्यांपूर्वीचं आहे," डॉक्टर मराठीत म्हणाला. "तेव्हा का नाही आलात?"

भावानं माझ्याकडं बघितलं. एकदाच. मग मान खाली घालून म्हणाला, "माझ्या ध्यानातनं ऱ्हायलं साहेब. रानात काम होतं." डॉक्टर त्याला लई बोलला. आई आहे की कोण आहे, माणसं आहात का जनावरं, सगळं बोलला. मी गप्प बसून होते. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! तोंडातून एवढं एक वाक्य काढायचं होतं, की साहेब, ह्याची नाही, माझी चूक. निघालं नाही. घसा बसल्याचं निमित्तसुद्धा नव्हतं.

बाहेर आल्यावर भाऊ म्हणाला, "अक्का, आईला काय सांगू नगंस. तिला एक तुझाच गर्व हाय." मी बरं म्हणाले. भित्री ती भित्रीच.

मग तीन महिने सोलापूरच्या खेपा झाल्या. आईचे केस गेले, चव गेली, पाठ धरली. माझी नोकरीही गेली, पण तिचं मला काही वाटेनासं झालं होतं. गल्लीतले कागद मात्र यायचे. शेजारची काकू नवऱ्याचा रिपोर्ट घेऊन दोनदा आली आणि दोनदा मी तिला दारातूनच परतवलं. मी आता वाचत नाही काकू, डॉक्टरला विचारा. गल्लीत बोलणं झालं, फॉरेनची हवा लागली, आता आमचे कागद कशाला वाचंल ती. बोला म्हणाले. काय बोलायचं ते बोला.

उन्हाळ्यात दवाखान्यानं आईला घरी पाठवलं. सोबत दोन पानं दिली. दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊ रानात होता, आई पत्र्याखाली बाजेवर पडली होती, मी पंख्यानं वारा घालत होते.

"ते कागद आण," आई म्हणाली.

"कशाला? औषधं लिहिलीत नुसती."

"आण म्हणते न्हवं. वाच."

मी पहिलं पान वाचलं. नाव, वय, गोळ्या कधी घ्यायच्या. तिथं थांबले.

"आणिक?"

मी पान उलटलं. त्यावरचं आमच्या साध्या भाषेत सांगितलं. आजार काळजात आणि हाडात गेलाय. आता औषधानं हटणार नाही. दुखणं कमी राहील एवढंच बघायचं, आणि माणसाला घरी, घरच्यांत ठेवायचं. एकही शब्द गाळला नाही. आई वर पत्र्याकडं बघत होती.

तशीच म्हणाली, "व्हय. ह्या बारीला दोन्ही पानं वाचलीस."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. सोलापूरला आई पडद्यामागं होती. कापडाचा पडदा. चोळीचे हुक लावत तिनं सगळं ऐकलं होतं, डॉक्टरचं बोलणं, भावाचं खोटं, आणि माझं गप्प बसणं. मी तिचे पाय धरले. "आई, मी मारलं गं तुला."

"वरडू नगंस. समदी गल्ली गोळा व्हईल." तिनं पाय ओढून घेतले नाहीत. "तू सांगितलंस म्हणून सोयाबीन निवांत काढलं म्या. रातच्याला झोप लागायची. आन् मागनं कळलं तवा राग आला. लई आला. तुझ्या तोंडाकडं बघू वाटत न्हवतं. पर तू रोज उठून माझं करतीस, मग काढू कुणावर?"

मी रडत होते. तिला ते बघायचं नव्हतं की काय, तिनं तोंड भिंतीकडं केलं.

"ती शेजारीण दोनदा येऊन गेली," ती म्हणाली. "जा, तिच्या मालकाचा कागद वाचून दे. आन् नीट वाच."

आई त्यानंतर सतरा दिवस होती. पण मी त्याच दुपारी उठले, तोंडावर पाणी मारलं आणि काकूच्या घरी गेले. काका आत खोकत होते. काकूनं लगबगीनं फळीवरून पिशवी काढली, कागद काढून माझ्या हातात दिला आणि पदर सावरून समोर बसली, जशी सगळी बसतात तशी. मी वाचायला सुरुवात केली आणि खाली नजर गेली. पान एक, एकूण दोन.

"काकू, दुसरं पान कुठंय?"

"येवढंच हाय की गं माय. डॉक्टरनं येवढंच दिलं."

"नाही काकू. दुसरं असतंय. शोधा." माझा आवाज चढला तो मलाच ऐकू आला. "शोधा म्हणते ना!"

काकू घाबरली. तिनं पिशवी जमिनीवर पालथी केली आणि आम्ही दोघी खाली बसून एकेक कागद उलटायला लागलो.