हिरवा टी-शर्ट

कपाट आवरताना तो हिरवा टी-शर्ट हाताला लागला आणि चाकणच्या कंपनीतला काही वर्षांपूर्वीचा स्वातंत्र्यदिन आठवून पुन्हा डोकं तापलं. ड्रोनने फोटो काढायचा म्हणून आम्हा कामगारांचाच तिरंगा उभा करायचा होता. पार्किंगमध्ये टेबल मांडून सुपरवायझर प्रत्येकाला नाव विचारत टी-शर्ट देत होते. मला भगवा मिळाला. मागे माझा वेल्डिंगचा जोडीदार होता. त्याने आपलं मुसलमानी नाव सांगताच हिरवा पुढे आला. "साहेब, मागच्या साली बी हिरवाच होता. औंदा भगवा द्या की." "अरे भावा, तुला हिरवाच शोभतो!" मी लहानपणापासून चळवळीची पत्रकं वाचत वाढलेला; राहवेना. "साहेब, भगवा त्यागाचा, हिरवा मातीतल्या पिकाचा. यात धर्म कुठून आला?" "भाषण नको राव, ऊन चढतंय." शेवटी मी तिथेच भगवा काढून त्याला दिला आणि त्याचा हिरवा चढवला. "फोटो बिघडेल!" साहेब ओरडले. काही बिघडलं नाही. ड्रोनच्या फोटोत वरून झेंडा झकास दिसत होता आणि भगव्या पट्ट्यात माझा जोडीदार मान वर करून हसत होता. यंदाच्या पंधरा ऑगस्टला वाटलं, एवढ्या वर्षांत शिकले असतील. टी-शर्टच्या टेबलापाशी गेलो, तर साहेबांनी वर न बघताच विचारलं, "नाव?"